सशाच्या खेळात कासवाची चाल

ससा आणि कासवाची गोष्ट आपण सगळ्यांनीच मुलांना सांगितली असेल. रायस्वाइकला आल्यावर आम्ही ती मुलाला जरा जास्तच सांगितली, कारण नव्या भाषेत त्याची चाल कासवाचीच होती. ग्रूप ५ मध्ये सहा महिने झाले तरी तो वर्गात फारसे बोलत नसे. बुधवारी शाळा लवकर सुटते, मुले एकमेकांकडे खेळायला जातात. आमच्या मुलाला 'स्पेलअफस्प्राक'साठी कोणी विचारत नव्हते.

अखेर एका बुधवारी बोलावणे आले. संध्याकाळी त्याला आणायला गेलो, तर दोघे मित्र कॉम्प्युटरसमोर बसलेले. स्क्रीनवर कपाळाला तांबडी पट्टी बांधलेला हिरवा ससा, हातात बंदूक, आणि शत्रू कोण, तर कासव! लहानपणी आम्हीही सुट्टीत भाड्याने टीव्ही गेम आणून मारिओ खेळलो आहोत. पण हे पाहून वाटले, इसापाच्या गोष्टीचे पार वाटोळे केले आहे. वाटेतच मुलाला सांगितले, "पुढच्या वेळी चेंडू घेऊन जा. हे बंदुकीचे खेळ नकोत." तो काहीच बोलला नाही. पुढचे दोन बुधवार तो घरीच बसला.

मग आमचे आम्हालाच बरे वाटेना. प्रयोगशाळेत आपण एका वाचनावर निष्कर्ष काढत नाही, आणि इथे पाच मिनिटांच्या पाहणीवर निकाल दिला होता. आम्ही त्या मित्राला खेळासकट आमच्या घरी बोलावले, आणि दरम्यान थोडी माहितीही काढली.

खेळाचे नाव 'जॅझ जॅकरॅबिट'. पहिला भाग १९९४ सालचा, आणि त्याचे प्रोग्रॅमिंग केले ते इथल्याच, म्हणजे हॉलंडच्या, आर्यन ब्रुसे यांनी. रचनाकार क्लिफ ब्लेझिन्स्की अमेरिकेत. दोघांमध्ये एक अख्खा महासागर. आपल्यासारख्यांना हे काही नवीन नाही! प्रकाशक एपिक मेगागेम्स, म्हणजे मोठ्या मुलांना ठाऊक असलेली 'फोर्टनाइट'वाली एपिक. ब्रुसे पुढे ॲम्स्टरडॅमच्या गुरिला कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. ती कंपनी २००५ मध्ये सोनीने विकत घेतली.

त्या काळी असे धावण्या-उड्या मारण्याचे खेळ टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर छान चालत, कारण चित्र सरकवण्याची सोय त्यांच्या चिपमध्येच असे. घरच्या पीसीत ती तितकीशी नव्हती. बरेचसे काम प्रोग्रॅमलाच करावे लागे. ते इतके सफाईने केले, हीच त्या वेळची मोठी करामत. पहिला हप्ता फुकट वाटायचा आणि आवडल्यास पुढचे विकत घ्यायचे, अशी विक्रीची पद्धत होती. दुसरा भाग १९९८ मध्ये आला. २०१७ मध्ये दोन्ही भाग नव्या कॉम्प्युटरवर चालतील अशा रूपात पुन्हा विक्रीला आले. मित्राच्या वडिलांनी ते घेतले होते.

बुधवारी आधी आम्ही पहिला भाग खेळून पाहिला. सशाला जोरात पळवले, आणि पळवला की आपटला! ससा मोठा आणि स्क्रीन लहान, त्यामुळे समोर काय आहे ते आयत्या वेळीच दिसते. काटे तरी असतात, नाहीतर शत्रू. हा त्या खेळाचा दोषच आहे. पण आमचे प्राण चार वेळा गेल्यावर मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, पळू नका. थोडे चाला, थांबा, बघा, मग उडी." आम्ही ऐकले आणि लेव्हल पार झाली. सशाच्या खेळात कासवच जिंकत होते.

नंतर मुलांनी दुसरा भाग लावला. त्यात जॅझचा भाऊ स्पॅझ असतो आणि एकाच कॉम्प्युटरवर दोघांना जोडीने खेळता येते. स्क्रीन दोघांत विभागल्यामुळे प्रत्येकाला आणखीच कमी दिसते, म्हणून एकमेकांना सांगावे लागते. आम्ही स्वयंपाकघरात चहा टाकला होता. एवढ्यात बाहेरून आवाज आला, "वाख्त! वाख्त!" म्हणजे थांब, थांब! आवाज आमच्याच मुलाचा होता. इतक्या मोठ्याने डच बोलताना आम्ही त्याला पहिल्यांदाच ऐकले.

बंदूक आम्हाला आजही आवडत नाही, आणि बुधवारी एक तास हा नियमही ठरलेला आहे. खेळाने डच शिकवले असेही आम्ही म्हणणार नाही; ते त्या मित्राने शिकवले. पण आम्ही जी बंदूक पाहून दार लावून घेतले, त्याच दाराबाहेर तो मित्र उभा होता, हे आमच्या लक्षात आले नव्हते. घाईने पळालो आणि काट्यावर पडलो!

दुसऱ्या भागासोबत स्वतःच्या लेव्हल रचण्याची सोय मिळते. दोघांनी मिळून एक रचली आहे. मंडळाच्या पुढच्या मेळाव्यात चहानंतर ती मांडू. पालकांनीही हात चालवून पाहावा. आम्ही स्वतः अजून तिच्या शेवटापर्यंत पोहोचलेलो नाही.