नकोशा विचारांसोबत जगताना

‘फार विचार करू नकोस’ हा आपल्याकडे सर्वात सहज दिला जाणारा आणि सर्वात कमी उपयोगी पडणारा सल्ला. नोकरी जाण्याची धास्ती असो, मुलांची काळजी असो वा जवळच्या माणसाच्या जाण्याचे दुःख. सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणारा प्रामाणिकपणे प्रयत्न करतो आणि रात्री दोन वाजता तोच विचार पुन्हा उशाशी येऊन बसतो. मग मूळ काळजीत आणखी एक भर पडते : ‘मला साधा विचारही थांबवता येत नाही!’

यात आपला कमकुवतपणा नाही, मनाची ती रीतच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितले की पाच मिनिटे मनात येईल ते बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. पुढे तर असे दिसले की आधी विचार दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात, मुभा मिळताच, अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आले.

मग नकोशा विचारांचे करायचे काय? याचे एक उत्तर ‘स्वीकार आणि वचनबद्धता उपचारपद्धती’ देते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ॲक्ट’ म्हणतात. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले स्टीव्हन हेज हे तिचे प्रमुख प्रवर्तक. त्यांना स्वतःलाच तरुणपणी तीव्र भीतीचे झटके येत. झटक्याशी जितके झगडावे तितका तो बळावतो, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. किर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे या पद्धतीवरील पहिले पुस्तक 1999 मध्ये आले.

ठाणे परिसराला मनाच्या आरोग्याचा विषय नवा नाही. येथील मनोरुग्णालय शंभराहून अधिक वर्षांचे आहे. 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके, डॉ. नाडकर्णी यांच्यामुळे मराठी वाचकांच्या ओळखीची झाली. त्या पद्धतीत आपण विचाराची उलटतपासणी करतो : याला पुरावा काय? ‘असे व्हायलाच हवे’ हा हट्ट कशासाठी? ‘ॲक्ट’चा प्रश्न थोडा वेगळा आहे. विचार खरा की खोटा हे बाजूला ठेवू; त्याच्यामागे गेल्याने मला हवे तसे जगता येते का? दोन्ही पद्धतींची वाट वेगळी असली तरी त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. स्वतःचा विनाअट स्वीकार एलिस यांनाही महत्त्वाचा वाटत होता.

लोकलमधली भीती

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कल्याणहून रोज मुंबईला जाणाऱ्या चाळिशीतल्या गृहस्थांना एकदा गर्दीत छातीत धडधडते, श्वास अडकल्यासारखा वाटतो. तपासण्या होतात, हृदय ठणठणीत निघते. डॉक्टर सांगतात, हा भीतीचा झटका होता. पण दुसऱ्या दिवशीपासून ते फास्ट लोकल सोडून स्लो पकडतात, कारण मध्येच उतरता येते. मग गर्दीची वेळ टाळतात. मग आठवड्यातून दोन दिवस रजा टाकतात. दर वेळी टाळल्यावर सुटल्यासारखे वाटते आणि दर वेळी त्यांचे जग थोडे आक्रसते. खरे नुकसान इथे होते. झटका काही मिनिटांत ओसरतो. टाळण्याची सवय मात्र नोकरी, नातेवाईकांकडचे समारंभ, मुलीला दिलेला शब्द असे एकेक गिळत जाते.

उपचारक त्यांना भीती घालवायला सांगत नाही. पहिली पायरी, विचाराला विचार म्हणून ओळखणे. ‘मी आता कोसळणार’ असे म्हणण्याऐवजी ‘मी कोसळणार, असा विचार मला आला आहे’ असे म्हणायचे. फरक शब्दांचा दिसतो, पण त्यामुळे विचार आणि आपण यांच्यात वीतभर अंतर पडते. दुसरी, भावनेला जागा देणे : धडधड कुठे आहे, घसा आवळल्यासारखा वाटतोय का, हे न झगडता पाहणे. तिसरी, आत्ताच्या क्षणी परतणे : हातातली कडी, पंख्याचा आवाज, तळपायाखालचा डबा.

डोंबिवलीच्या फलाटावर उभे असताना गाड्या येतात, जातात. प्रत्येक गाडीत आपण चढत नाही आणि फलाटही कुठल्या गाडीबरोबर निघून जात नाही. विचार येतात-जातात, त्यांना पाहणारे आपण तिथेच असतो, हे या पद्धतीतले आणखी एक सूत्र.

यानंतर येतो मूल्यांचा प्रश्न. हा प्रवास कशासाठी? घर चालवण्यासाठी, की कामात गोडी आहे म्हणून? उत्तर सापडले की छोटे पाऊल ठरते : आज कल्याण ते ठाकुर्ली, एकच स्टेशन. पुढच्या आठवड्यात डोंबिवली. भीती सोबत असेल तर असू दे. यश भीती किती घटली यावर मोजायचे नसते, आयुष्य किती परत मिळाले यावर मोजायचे असते.

स्वीकार म्हणजे सोसणे नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘चालायचंच’ म्हणत सोसत राहणे म्हणजे स्वीकार नव्हे. घरात मारहाण होत असेल, कार्यालयात अपमान होत असेल, तर ती परिस्थिती स्वीकारायची नसते. स्वीकारायची असते ती मनातली भीती, जेणेकरून ती असतानाही तक्रार करता यावी, मदत मागता यावी. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुनेला कधी चीड येते, मग अपराधी वाटते. ‘अशी चीड यायलाच नको’ या झगड्यात शक्ती घालवण्यापेक्षा ‘चीड आली आहे, मी दमले आहे’ हे मान्य केले, तर ‘आज तुम्ही बसा आईंजवळ’ असे नवऱ्याला सांगणे सोपे जाते.

या पद्धतीचा अभ्यासही झाला आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 20 मेटा-विश्लेषणांतील 133 अभ्यास आणि 12,477 सहभागी यांचा विचार झाला. चिंता, नैराश्य, व्यसन, जुनाट वेदना अशा तक्रारींत ‘ॲक्ट’ उपयोगी ठरल्याचे त्यात दिसले; मात्र प्रस्थापित वर्तन-विचार उपचारपद्धतीपेक्षा ती सर्वत्र सरस ठरली असे नाही. याच तत्त्वांवर जागतिक आरोग्य संघटनेने ताणतणावासाठी स्वमदतीचा कार्यक्रम तयार केला. युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित महिलांमध्ये त्याची चाचणी झाली, तेव्हा त्यांचा मानसिक त्रास तीन महिन्यांनंतरही कमी आढळला. परिणाम मोठा नव्हता, पण तज्ज्ञ उपलब्ध नसलेल्या ठिकाणी ध्वनिमुद्रित सत्रांतून तो साधला होता.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. छातीत पहिल्यांदाच दुखले तर आधी डॉक्टर गाठावा. त्याला ‘विचार’ समजू नये. तीव्र नैराश्य, भास, झोप-भूक पूर्ण उडणे यात मानसोपचारतज्ज्ञाची आणि अनेकदा औषधांची गरज असते. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत. जीव नकोसा वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

बाकी रोजच्या नकोशा विचारांसाठी सुरुवात आज रात्रीही करता येईल. तो विचार आला की त्याला हाकलू नका, त्याच्याशी वादही घालू नका. ‘हा तोच विचार, पुन्हा आला’ एवढेच म्हणा, दोन-तीन सावकाश श्वास घ्या आणि स्वतःला विचारा : हा असतानाही उद्या मला महत्त्वाचे वाटणारे कोणते एक काम मी करीन? ते कागदावर लिहून ठेवा आणि सकाळी, विचार सोबत असला तरी, त्या कामाला लागा.