घर दिसले, पण कळले का?

दुपारची जेवणे आटोपून आई मोबाइल घेऊन जरा आडवी झाली होती. इतक्यात रायपूरच्या तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा निरोप आला. सोबत एक चित्रफीत आणि खाली एकच ओळ, ‘ही तुमचीच जागा ना गं?’ आईने चष्मा लावला आणि आम्ही दोघींनी ती पाहिली. बासरीचे संगीत, ‘शहराच्या मध्यवस्तीत प्रशस्त घर विक्रीला’ अशी सोनेरी अक्षरे, आणि मग दारातून आत शिरणारा कॅमेरा. अंगण, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, गच्चीचा जिना. अडीच मिनिटांत सारे घर संपले.

ते तात्यापाऱ्यातले माझ्या मामाचे घर होते. आई त्याच घरात वाढली, त्याच ओसरीवर तिचे लग्न ठरले. घर विकायला काढल्याची बातमी तिला आपल्या भावाकडून कळायची, ती अशी परस्पर कळली. ती काही बोलली नाही. पुन्हा एकदा लावायला सांगितली आणि दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाली, "देवघर दाखवलंच नाही. आणि आपलं अंगण एवढं मोठं कधी झालं?"

अंगण अर्थातच मोठे झालेले नव्हते.

रायपूर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तिकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. ब्राह्मणपारा, बूढापारा, तसाच तात्यापारा. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत छत्तीसगड त्यांच्या राज्याचा भाग होता. त्या काळापासून मराठी घराणी तिकडे रुजली. पुढे रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, तशी आणखी कुटुंबे जात राहिली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कामवाल्या बाईशी छत्तीसगडी, अशा तीन भाषांत आईचे बालपण गेले. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम हे त्यांचे हक्काचे माहेर.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाली आणि जागांच्या भावांना पंख फुटले. नव्या वसाहती शहराबाहेर पसरल्या. जुन्या पाऱ्यांतल्या घरांची मुले पुण्याला, बंगळूरला, कुणी परदेशी गेली. मागे राहिले दोन म्हातारे जीव, उंच पायऱ्या आणि मोटार न शिरणारी गल्ली. माझ्या मामाचे हेच झाले. त्याचे गुडघे गेले, मामीला गच्ची झाडवेना. घर विकावे हा विचार चुकीचा होता असे आईसुद्धा म्हणत नव्हती.

पूर्वी असे घर विकायचे म्हणजे पानवाल्याच्या कानावर घालायचे, एखाद्या दलालाला सांगायचे, फार तर वर्तमानपत्रात तीन ओळींची जाहिरात द्यायची. गिऱ्हाईक यायचे, चहा व्हायचा, भिंतीवर टकटक करून पाहायचे, शेजाऱ्याला विचारायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्रफीत पाहणे ही चैन राहिली नाही. मग मार्च २०२० ची टाळेबंदी आली. घर पाहायला जाणेच बंद झाले, तेव्हा बांधकाम व्यावसायिकांनी आणि दलालांनी घरच मोबाइलवर आणले. टाळेबंदी गेली, ही सवय मात्र राहिली.

आणि ती वाईट आहे असे कोण म्हणेल? बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाला रायपूरच्या वीस जागा एका रविवारी घरबसल्या पाहता येतात. अठरा नको म्हणून सोडून देता येतात आणि उरलेल्या दोनच पाहायला रजा काढावी लागते. विकणाऱ्याच्या घरीही रोज अनोळखी माणसांची वर्दळ होत नाही. दोन म्हातारी माणसे राहतात तिथे हे सुख लहान नाही.

अंगण मोठे कसे झाले?

मी एका छायाचित्रकार स्नेह्याला ती चित्रफीत दाखवली. तो हसला. म्हणाला, "वाइड लेन्स आहे. कोपऱ्यात उभं राहून, छातीच्या उंचीवर धरून काढलंय." आजकालच्या बहुतेक मोबाइलमध्ये नेहमीच्या भिंगाशेजारी आणखी रुंद दाखवणारे एक भिंग असते. पडद्यावर जिथे ‘०.५’ असे लिहिलेले दिसते, ते हेच. त्यातून जवळची वस्तू मोठी दिसते, समोरची भिंत मात्र लांब पळते. दहा बाय दहाची खोली दिवाणखाना वाटू लागते. यात खोटे काहीच दाखवलेले नसते, पण डोळा मात्र फसतो.

फसू नये म्हणून त्याने मला जी युक्ती सांगितली ती आपणही लक्षात ठेवावी. खोलीकडे पाहूच नये, फरशीकडे पाहावे. फरशी दोन फुटांची आहे एवढे विचारून घ्यावे आणि चित्रफीत थांबवून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फरश्या मोजाव्यात. पाच भरल्या तर खोली दहा फूट, मग ती कितीही लांबरुंद दिसो. पलंगावरूनही अंदाज येतो. खोलीत पलंगच नसेल तर, तो मावत नाही म्हणून बाहेर काढला आहे का, हे विचारायला लाजू नये.

दुसरे पाहायचे ते तुकडे. चित्रफीत जिथे जिथे तुटते, तिथे काय गाळले? मामाच्या घराच्या चित्रफितीत माजघरातून कॅमेरा थेट गच्चीवर गेला. मधे मागची खोली आहे. तिच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते हे आम्हा सगळ्या भाचरांना ठाऊक, कारण उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या गाद्या तिथेच पडत आणि पोपडे आमच्या अंगावर. विकत घेणाऱ्याने सरळ सांगावे की रस्त्यावरून सुरुवात करून न थांबता, संगीत न घालता सगळे घर एकदा दाखवा. नळ सोडून दाखवा. दिवे बंद करून दुपारी किती उजेड असतो ते दाखवा. संगीत काढले की रस्त्याचा आवाज ऐकू येतो, आणि तात्यापाऱ्यात तो भरपूर आहे.

रस्त्यावरून आठवले. शारदा चौक ते तात्यापारा चौक या रस्त्याच्या रुंदीकरणाची चर्चा रायपुरात वर्षानुवर्षे चालत आली. ज्यांची घरे अशा रस्त्याला लागून असतात त्यांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. कॅमेरा पुढची ओसरी दाखवतो, पण ती ओसरी उद्या राहील का, हे महापालिकेच्या नकाशातच पाहावे लागते. मामाचे घर आत गल्लीत असल्याने तेवढे वाचले.

सही कुणाची?

तशीच जमिनीची गोष्ट. रायपूरसारख्या जुन्या शहरात काही जागा नझूलच्या, म्हणजे सरकारी पट्ट्याच्या असतात. पट्टा कुणाच्या नावे, त्याची मुदत कधीपर्यंत, हे कागदावरच कळते. छत्तीसगडात खसरा आणि बी-१ हे जमिनीचे उतारे ‘भुइयां’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखेच समजा. पण उतारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. मागच्या तीस वर्षांचे व्यवहार वकिलाकडून तपासून घेण्याची जुनी पद्धत आहे, ती सोडू नये.

आमच्या बाबतीत सगळे अडले ते इथेच. चित्रफितीला चांगला प्रतिसाद आला. चार-पाच जण पाहून गेले आणि एका कुटुंबाच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "बहिणींची संमती कुठे आहे?" आजोबांनी ते घर स्वतःच्या कमाईतून घेतले होते आणि मृत्युपत्र केले नव्हते. अशा मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो, आणि हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने आणखी एक अडसर गेला. तोवर राहत्या घराची वाटणी मुलींना आपण होऊन मागता येत नव्हती, ती मागता येऊ लागली. घराघरांतून अजून ‘मुलींचे काय, त्या दिल्या घरी’ असेच धरून चालतात. माझ्या मामेभावानेही तेच धरले होते. वाईट हेतू नव्हता. चित्रफीत त्यानेच पुण्याहून सुटीवर आला असताना काढून घेतली होती.

मामाचा फोन आला तेव्हा तो बराच वेळ हवापाण्याचेच बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "अगं, विकायचं नक्की नव्हतं. पोरानं नुसतं टाकून बघितलं." आई म्हणाली, "दादा, सहीला मी नाही म्हणत नाही. पण घर बाजारात मांडायच्या आधी एकदा विचारायचं होतंस."

त्या संध्याकाळी इंदूरच्या मावशीला फोन झाला. मग तिघे भावंडे एकमेकांशी तासभर बोलली. कितीतरी वर्षांनी, असे आई म्हणाली. हिस्से ठरले, मामा-मामींनी नवीन जागा बघेपर्यंत किती दिवस राहायचे ते ठरले. देवघरातले देव इंदूरला जायचे ठरले.

दोष सांगावा की झाकावा?

नव्या इमारतीतल्या सदनिकेची जाहिरात असेल तर ग्राहकाच्या बाजूने रेरा कायदा आहे. २०१६ चा हा कायदा सांगतो की पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. नमुना सदनिका किंवा जाहिरात पाहून पैसे भरले आणि प्रत्यक्षात तसे निघाले नाही, तर भरपाई मागता येते किंवा व्यवहारातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. म्हणूनच बिल्डरने पाठवलेली चित्रफीत पुसून टाकू नये, जपून ठेवावी. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कमही त्याला घेता येत नाही.

मामाच्या घरासारख्या जुन्या घराला हा कायदा लागत नाही. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने न दिसणारा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, असे तो म्हणतो. मग ओल झाकून कुणाचे भले होणार?

ही ओल दाखवायची ठरवली ती मामीने. मुलाने खूप समजावले, "आई, भाव पडेल." ती म्हणाली, "पडू दे. पावसाळ्यात त्यांना दिसणारच आहे." तिने स्वतः मोबाइल हातात धरून दुसरी चित्रफीत काढली. हात थरथरला आहे, मधेच तिचा अंगठा आला आहे. पण गल्लीच्या तोंडापासून परसातल्या बुजवलेल्या विहिरीपर्यंत सगळे घर त्यात आहे, ओलीची भिंतही आणि कोनाड्यातले देवघरही.

भाव थोडा कमी आला हे खरे. घेणाऱ्यांनी ओलीची दुरुस्ती हिशेबात धरली. पण ज्यांनी पहिली चित्रफीत पाहून उड्या मारल्या होत्या ते घर पाहून परत फिरले होते. दुसरी पाहून आलेल्यांना दारात नवे काही सापडले नाही, म्हणून बोलणी चार दिवसांत संपली.

चित्रफीत पसरवताना एक काळजी मात्र मामेभावाने चांगली घेतली. कपाटे, कागदपत्रे, मागच्या दाराची कडी असे काही त्यात येऊ दिले नाही. कारण चित्रफीत एकदा सुटली की ती कुणाकडे जाईल सांगता येत नाही. दुसऱ्याच्या घराची चित्रफीत आपली म्हणून दाखवून ‘टोकन’ उकळणारे भामटे आहेत. उलट बाजूनेही फसवतात. ‘मी लष्करात आहे, घर न पाहताच पसंत, आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन विकणाऱ्याला येतो. पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि गुप्त क्रमांकही घालावा लागत नाही. तसे कुणी सांगितले की फोन ठेवून द्यावा.

खरेदीखताच्या दिवशी आई आणि मावशी रायपूरला गेल्या. निबंधक कचेरीत सह्या, अंगठे, छायाचित्रे झाली. संध्याकाळी नव्या मालकीणबाईंनी दोघींना घरी नेऊन चहा दिला, त्यांच्याच ओसरीवर.

आईच्या मोबाइलमध्ये आता ती दुसरी चित्रफीतच आहे. तिच्यात संगीत नाही. रस्त्यावरचे भोंगे ऐकू येतात, मामाचे खोकणे ऐकू येते, आणि गच्चीच्या जिन्यापाशी मामी पाहणाऱ्याला सांगते, "इथली पायरी उंच आहे हं, जपून."