डेल्फ्टची बोरिक पावडर आणि रक्तातली साखर

कॅरमच्या फळीवर भुरभुरतात त्या बोरिक पावडरीचा आणि आपल्या घराघरांतल्या मधुमेहाचा काही संबंध असेल, असे कोणास वाटले असते काय?

१८७३ साली 'लल्ला रूख' जहाजाने गिरमिटिये सुरिनामला गेले. त्यांचे अनेक वंशज १९७५ च्या सुमारास नेदरलँड्सला येऊन हेग शहरी वसले. मधुमेह त्यांच्यांत डच शेजाऱ्यांपेक्षा पुष्कळच अधिक. मॉरिशसचे आम्ही लोक तरी कोठे निराळे आहोत! आमच्या मातोश्री रोज सकाळी बोट टोचून साखर पाहतात.

हेगला लागूनच डेल्फ्ट गाव आहे. तेथील प्राध्यापक बोसेकेन यांना १९१३ च्या सुमारास दिसले की बोरिक आम्लाच्या पाण्यात ग्लुकोज घातले की त्यातून वीज अधिक सहज वाहते. ग्लुकोजच्या रेणूवरील शेजारशेजारचे ऑक्सिजन बोरॉनला चिमट्यासारखे धरतात. बोसेकेन यांना औषध शोधायचे नव्हते. रेणूची ठेवण कशी असते, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

१९९० नंतर जपानात टोनी जेम्स व सेइजी शिंकाई यांनी बोरॉन चमकणाऱ्या रेणूस जोडला. एरवी शेजारचा नायट्रोजन ही चमक दाबून धरतो. साखर बोरॉनला बिलगली की नायट्रोजन बोरॉनकडे ओढला जातो आणि चमक सुटते. साखर जास्त तर उजेड जास्त. मात्र एकटा बोरॉन फळांतल्या साखरेवर अधिक भाळतो, म्हणून ग्लुकोजसाठी मोजून अंतरावर दोन बोरॉन बसवावे लागले.

असा रेणू शरीरात मोकळा सोडून चालत नाही. तो जेलमध्ये बांधतात. पोर्ट लुईच्या बाजारात आलुद्यात घालतात ती अगरची जेली आठवा. (मधुमेहाच्या लेखात आलुद्याचा दाखला, क्षमा असावी!) पाणी व साखर आत शिरते, बांधलेला रेणू मात्र जागीच राहतो. 'एव्हरसेन्स' नावाच्या अमेरिकन यंत्रात असेच जेल आहे. युरोपात त्यास २०१६ साली मान्यता मिळाली. डॉक्टर दंडाच्या कातडीखाली ते बसवतात, आतला बारीक दिवा जेलवर प्रकाश टाकतो आणि दर पाच मिनिटांनी आकडा फोनवर येतो. पहिले यंत्र ९० दिवस चाले.

हे सारे आम्ही मातोश्रींना समजावले. ताळा पाहण्यास अधूनमधून बोट टोचावे लागते, हेही सांगितले.

"मग टोचणे सुटले कोठे?" त्या म्हणाल्या.