बंगला भाड्याचा, समुद्र सरकारचा

किहीम, आक्षी, नागावपासून खाली दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांत आता भाड्याचे बंगले दाटीने उभे आहेत. जाहिरातीत ते ‘व्हिला’ होतात आणि फोटोखाली बरेचदा दोन शब्द झळकतात : ‘प्रायव्हेट बीच’. इतके फसवे दोन शब्द या किनाऱ्यावर दुसरे नसतील.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालची जमीन राज्य सरकारची. बंगल्याच्या मागच्या फाटकातून थेट पुळणीवर उतरता येतं, एवढाच त्या जाहिरातीचा खरा अर्थ. समोर कुणी जाळं पसरलं, घोडागाडीवाला फेऱ्या मारू लागला, गावची पोरं क्रिकेट खेळायला आली, तर ‘यांना हटवा’ म्हणण्याचा अधिकार पाहुण्याला नाही आणि बंगल्याच्या मालकालाही नाही. कॅरिबियन बेटांची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं की अतिमहागड्या व्हिलांसाठी प्रसिद्ध असलेल्या बार्बाडोसमध्येही किनारे सार्वजनिकच आहेत.

भाडं भरमसाट आहे म्हणजे कागदपत्रं चोख असणार, हा समज ‘प्रायव्हेट बीच’चाच जुळा भाऊ. १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेपासून भरतीरेषेलगतच्या बांधकामावर निर्बंध आहेत. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० वर आणला, बाकीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तो २०० मीटरच राहिला. किहीमला हिरेव्यापारी नीरव मोदीचा आलिशान बंगला होता. मार्च २०१९ मध्ये तो सुरुंग लावून पाडला, कारण बांधकाम बेकायदा ठरलं होतं. तेव्हा ‘अगदी पाण्याला लागून’ या शब्दांनी हुरळण्याआधी परवानगीचं विचारायला लाजू नये.

जिवावर बेतणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे : समुद्र पावसाळ्यातच धोक्याचा, एरवी तो बंगल्याच्या पोहण्याच्या तलावासारखाच. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. पावसाचा तेव्हा मागमूसही नव्हता. मोठ्या उधाणाला या पट्ट्यात पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. पुळण सपाट असेल तर आत्ता दूर दिसणारं पाणी बघता बघता पायाशी येतं, आणि ओहोटी लागली की तेच पाणी माणसाला आत खेचतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार कमी. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसाही आणि रात्रीही. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटी त्यापुढे साधारण सहा तासांनी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण परतीची वेळ हा हिशेब ठरवतो, आपली भूक नाही. अंदाज म्हणून तो उत्तम. पाण्यात उतरायचं असेल तर मात्र त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहावं आणि गावकरी ‘नको’ म्हणाले तर नको.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या प्रवासी बोटी बंद असतात, म्हणून अलिबागची वाट बंद झाली असं नाही. भाऊच्या धक्क्याहून गाड्या घेऊन येणारी रो-रो २०२० पासून आहे. हवामान बिघडलं की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. मग वडखळमार्गे रस्ता आहेच, त्याच्या खड्ड्यांसकट.

‘बंगला पूर्ण आपला, मग गाणी कितीही वाजवा’ हेही खरं नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम खाजगी जागेलाही लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि एरवीही आवाज कुंपणाच्या हद्दीवर मोजला जातो. पलीकडच्या वाडीत पहाटे उठून शिंपणं करणारी माणसं झोपलेली असतात.

राहता राहिलं जेवण. ‘समुद्रकाठी बाराही महिने ताजी मासळी’ असं धरून जुलैत पापलेटाचा हट्ट धरणारे पाहुणे दरवर्षी येतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. मासळीच्या विणीचा हा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत ताटात येणारं पापलेट बहुधा बर्फातून आलेलं असतं. त्यापेक्षा सोडे, सुकट, सुके बोंबील किंवा खाडीची मासळी मागावी. बंगला राखणाऱ्याच्या घरीही तेव्हा तेच शिजतं. फक्त आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं, कारण बाजार सकाळी होतो.