चाक मोठं, पल्ला छोटा?

बीएमडब्ल्यूच्या आयएक्स एक्सड्राइव्ह ५० या इलेक्ट्रिक एसयूव्हीचे २०२२ मधले अमेरिकी सरकारी आकडे पाहा. २० इंची चाकांवर एका चार्जिंगमध्ये ३२४ मैल, म्हणजे सुमारे ५२१ किलोमीटर. २१ इंचीवर ३०५ मैल. बॅटरी तीच, मोटरी त्याच! पण २२ इंचीवर पुन्हा ३१५. म्हणजे नुसत्या व्यासाला दोष देऊन भागत नाही.

गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते तेव्हा टायरचा सर्वांत वरचा भाग ताशी २०० ने पुढे जात असतो. चाकाचे आरे उघडे असले की ते हवा घुसळत राहतात, आणि ती घुसळण बॅटरीच्याच जिवावर चालते. शिवाय रस्त्याला टेकलेला टायरचा तुकडा दर फेरीला दबतो, सुटतो, किंचित तापतो. रुंद, चिकट रबर असेल तर ही गळती वाढते. म्हणून माझ्या मते रिमच्या झगमगाटाआधी टायरची जात विचारावी.

दुसरा प्रश्न पुढच्या मोटरीचा. ह्युंदाई आयोनिक ५ च्या मोठ्या बॅटरीला २०२२ मध्ये मागची दोन चाकं ओढताना ३०३ मैल मिळाले, चारही चाकं ओढताना २५६. जास्तीचं वजन आहेच. त्यात कायमचुंबकी मोटर वीज न देताही फिरवली, तर चुंबक तिला अडवतात. गरज नसताना पुढची मोटर चाकांपासून सोडवणारी यंत्रणा या गाडीत आहे, तरीही एवढा फरक पडला. बर्फाळ घाटात राहणाऱ्याने ही किंमत जरूर मोजावी. रोज सपाट डांबरी रस्त्यावरून ऑफिस गाठणाऱ्याला मात्र मागची दोन चाकं पुरतात.