‘मेक’ म्हणजेच ‘गेट’ नव्हे

इंग्रजीतली प्रयोजक क्रियापदं शिकवताना ‘मेक’, ‘हॅव’, ‘गेट’ आणि ‘लेट’ यांची एकच मोट बांधली जाते आणि सगळ्यांपुढे ‘करवणे’ हा एकच अर्थ लिहिला जातो. त्यातून ही क्रियापदं एकमेकांच्या जागी खुशाल वापरता येतात, असा समज रुजतो. तो चुकीचा आहे. मराठीत ‘पडणे’चं ‘पाडणे’ होतं, तसं इंग्रजीत पूर्वी ‘फॉल’चं ‘फेल’ झालं. पण अशा जोड्या आज मोजक्याच उरल्या आहेत. त्यामुळे करवण्याचा सगळा भार या स्वतंत्र क्रियापदांवर पडतो आणि करवणारा व करणारा यांच्यातलं नातं प्रत्येकात वेगळं असतं. ‘ही मेड मी साइन’ म्हटलं की सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तक्रार अर्जात हे वाक्य आरोप ठरतं. ‘ही गॉट मी टू साइन’मध्ये त्याने गळ घातली, मन वळवलं. ‘ही हॅड मी साइन’मध्ये त्याने सांगितलं आणि रीतसर सही झाली, तर ‘ही लेट मी साइन’मध्ये नुसती मुभा दिली. मराठीही ‘करायला लावणे’, ‘करवून घेणे’ आणि ‘करू देणे’ यांत हा भेद पाळते; मग शिकवताना तो का पुसायचा? ‘मेक’मध्ये जबरदस्तीच असते असंही नाही. ‘शी मेड मी लाफ’मध्ये हसू आवरलं नाही, एवढंच.

रचनेतही घोळ होतो. ‘टू’ फक्त ‘गेट’नंतर येतो, मात्र ‘मेक’चं कर्मणी रूप केलं की ‘आय वॉज मेड टू वेट’ असा तो परत येतो. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतः केस कापले होते. न्हाव्याकडून कापून घेतले असतील तर ‘आय हॅड माय हेअर कट’ हवं. यावर कुणी म्हणेल, शाहजहानने ताजमहाल बांधला असं इंग्रजीतही सरळ म्हणतात, मग हा काटेकोरपणा कशाला? बादशहाने स्वतः दगड रचले नाहीत हे सर्वांना ठाऊक असतं, म्हणून तिथे चालतं. केस मात्र घरीही कापता येतात. तिथे शब्दक्रमच अर्थ ठरवतो. आणि ‘आय हॅड माय फोन स्टोलन’मध्ये तर बोलणाऱ्याने काहीच करवलेलं नाही, त्याचा फोन चोरीला गेला आहे. शिक्षकांनी ‘करवणे’ हा एकच अर्थ फळ्यावर न लिहिता, समोरच्याला नकार देता आला असता का, हा प्रश्न मुलांना आधी विचारावा.