पाच ओंजळी अमृत

लातूर जिल्ह्याची हद्द उदगीरच्या पलीकडे संपते आणि कर्नाटकातला बीदर जिल्हा सुरू होतो. शीख परंपरेनुसार खालसा पंथाच्या पहिल्या पाच जणांपैकी एक या बीदरचा होता. जातीने न्हावी, नाव साहिबचंद. 1699च्या बैसाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी भरल्या सभेत उपसलेली तलवार हातात धरून शिर मागितलं, तेव्हा पाच जण एकामागून एक उठले: लाहोरचा खत्री दयाराम, हस्तिनापूरचा जाट धरमदास, जगन्नाथपुरीचा पाणी वाहणारा हिंमतराय, द्वारकेचा छिंपी, म्हणजे कापड छापणारा-शिवणारा, मोहकमचंद आणि बीदरचा हा साहिबचंद. त्या दिवसानंतर पाचही जण ‘सिंग’ झाले, पंच प्यारे झाले.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात दर्शनाला जाणारे आपण मराठी लोक लंगर जेवतो, दसऱ्याचा हल्लाबोल बघायला गर्दी करतो, निहंगांचे निळे फेटे आणि घोडे डोळे भरून पाहतो. पण हा पंथ उभा आहे तो अमृत संचार नावाच्या एका विधीवर. त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही. तो प्रेक्षकांसाठी नसतोच. ज्यांना अमृत घ्यायचं आहे ते, ज्यांनी आधी घेतलं आहे ते, आणि समोर गुरू ग्रंथसाहिब. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं.

विधीचं साहित्य गरीब घरातही सापडेल असं आहे. सरबलोहाचा, म्हणजे निव्वळ लोखंडाचा बाटा (वाडगा), त्यात स्वच्छ पाणी आणि बत्तासे. दुधारी खंडा तेवढा वेगळा. पाच अमृतधारी शीख बाट्याभोवती वीरासनात बसतात, उजवा गुडघा जमिनीला टेकलेला, डावा उभा. मग जपजी, जाप, दहा सवैये, चौपई आणि आनंदसाहिब या पाच बाण्यांचा, म्हणजे प्रार्थनांचा, पाठ होतो. पाठ म्हणणाऱ्याचा एक हात बाट्याच्या काठावर आणि दुसऱ्या हातातला खंडा पाण्यात फिरत असतो. उरलेल्या चौघांचे हात काठावर आणि नजर पाण्यावर. पाचही बाण्या पुऱ्या व्हायला चांगलाच वेळ लागतो आणि तेवढा वेळ कुणी जागचं हलत नाही.

हे सगळं सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारलेला असतो, आणि मला तो या विधीचा कणा वाटतो. नाहून, केस धुऊन, पाच ककार, म्हणजे शिखांची पाच चिन्हं, अंगावर धारण करून आलेल्यांना पंच प्याऱ्यांपैकी एक जण पंथाचे नियम समजावून सांगतो आणि विचारतो: हे तुम्हाला मान्य आहे का? होकार मिळाल्यावरच पाण्याला हात लागतो. म्हणूनच समज न आलेल्या लेकराला अमृत देत नाहीत.

मग प्रत्येकाच्या ओंजळीत पाच वेळा अमृत पडतं. दर वेळी देणारा वाहेगुरूचा जयघोष करतो आणि पिणारा तोच परत उच्चारतो. पाच वेळा डोळ्यांवर शिंपडतात, पाच वेळा केसांवर. बाट्यात उरलेलं अमृत सगळ्यांनी त्याच भांड्याला तोंड लावून प्यायचं. शेवटी कडाह प्रसादही एकाच भांड्यातून. सतराव्या शतकातलं हिंदुस्थानचं गाव डोळ्यांसमोर आणा. पाणवठे वेगळे, भांडी वेगळी, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही याचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पाठ. तिथे खत्र्याने आणि न्हाव्याने एका काठाला ओठ लावले. जातिभेदावर व्याख्यान देऊन जे झालं नसतं ते एका घोटात झालं. त्यानंतर प्रत्येकाला सांगतात की तुझा बाप आता गुरू गोविंदसिंग, आई माता साहिबकौर, वास आनंदपूरचा. जुनं कूळ, जुना धंदा, जुने भ्रम मागे पडले. आई मानलेल्या या माता साहिबकौर यांचा गुरुद्वारा नांदेडजवळ मुगटला आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती 1699 मधली पुढची घटना. पाचांना अमृत दिल्यावर गुरू स्वतः त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, आता मला द्या. त्या पाचांनी आपल्या गुरूला दीक्षा दिली, तेव्हा गोविंदराय गोविंदसिंग झाले. याआधी शीख होताना चरणपाहुल घेत, म्हणजे गुरूचा पाय लागलेलं पाणी. त्या दिवशी पाय बाजूला झाला, त्याच्या जागी पोलाद आलं, आणि देणारा व घेणारा एका पातळीवर आले. कोणत्याही बंधुसंघाच्या दीक्षेला मी हीच कसोटी लावते. नव्याकडून जे मागता ते जुन्यानेही दिलेलं आहे का, आणि पुन्हा द्यायची त्याची तयारी आहे का?

नांदेडच्या मातीत ही कसोटी 1708 मध्ये लागली. गोदावरीकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. सिद्धीचा दबदबा असलेला हा माणूस गुरूंना भेटला, आणि त्यांचा बंदा झाला. परंपरा सांगते की त्याने अमृत घेतलं आणि गुरबक्षसिंग हे नाव मिळालं. रीतसर दीक्षा झाली की नाही यावर इतिहासकारांत दुमत आहे. पण बंदा बहादुराला पंजाबकडे पाठवताना गुरूंनी त्याला एकट्याला अधिकार दिला नाही, पाच शीख सल्ल्याला बरोबर दिले, हे परंपरा आवर्जून सांगते. दोन वर्षांत, मे 1710 मध्ये, सरहिंद पडलं. बंदाघाटाचा गुरुद्वारा आजही नदीकाठी आहे. आनंदपूरला सर्वांत आधी उठलेले दयासिंग आणि धरमसिंग हे दोघेही गुरूंसोबत दख्खनेत आले आणि नांदेडलाच त्यांचा शेवट झाला. बीदरचा साहिबसिंग मात्र परत आपल्या मुलखात आला नाही. पंजाबातल्या चमकौरच्या लढाईत तो पडला.

ऑक्टोबर 1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंग गेले. जाण्याआधी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून त्यांनी गुरुपद ग्रंथाला दिलं. म्हणजे अमृत द्यायला आता कुणी एक महापुरुष नकोच. ग्रंथ आणि कोणतेही पाच तयारीचे शीख पुरेत. त्या ग्रंथात शेजारच्या नरसीच्या नामदेवांची 61 पदं आहेत, आणि पंजाबातले छिंपी नामदेवांना आपले संत मानतात. द्वारकेचा मोहकमसिंगही छिंपीच.

दीक्षेची भाषा मराठवाड्याला अनोळखी नाही. लातूर, उदगीर, अहमदपूर भागातल्या लिंगायत घरांत तान्ह्या बाळाला लिंगधारणा होते, मोठेपणी गुरूकडून इष्टलिंग हातात येतं, आणि त्यांच्या अष्टावरणांत, म्हणजे धर्माच्या आठ अंगांत, पादोदक, म्हणजे गुरूच्या पायाचं पाणीही आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जिथून जातीला आव्हान दिलं ते कल्याण (आजचं बसवकल्याण) निलंग्यापासून फार लांब नाही. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडते तीही दीक्षाच. त्या दिवसापासून मद्य-मांस सुटतं, एकादशी येते, पंढरीची वारी येते. माळ घालणाऱ्याला गावात सगळे ओळखतात. त्याचं पाऊल घसरलं तर विचारणारेही गावातच असतात.

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये जगभरचे असे विधी तपासून त्यांचे तीन टप्पे सांगितले: जुन्यापासून तुटणं, उंबऱ्यावर थांबणं, नव्यात सामील होणं. अमृत संचारात हे तिन्ही टप्पे सापडतात. पण तेवढ्याने विधीला अर्थ येतो असं मला वाटत नाही, कारण हेच तीन टप्पे वसतिगृहातल्या रॅगिंगमध्येही दाखवता येतात. शिकायला म्हणून आपल्या घरातून हजारो मुलं नांदेड-लातूरला येतात, त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. रॅगिंगमध्ये नव्याला आधी काही विचारलेलं नसतं, त्याने नाही म्हटलेलं चालत नाही, आणि जुना मुलगा स्वतः काहीच पणाला लावत नाही. मी सोसलं, आता तू सोस, एवढाच तिथला वारसा. महाराष्ट्राने 1999 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला तो योग्यच केला. मात्र घर सोडून आलेल्या मुलाला कुठल्या तरी गटाने आपलं म्हणावं ही भूक कायद्याने भागत नाही. ती चांगल्या रीतीने भागवणारं काही आपण आपल्या कॉलेजांत उभं केलेलं नाही, याची मला मनापासून खंत आहे.

अमृताकडे परत येते. ते घेतल्यावर चार गोष्टी कायमच्या वर्ज्य: केस कापणं, हलाल मांस, व्यभिचार, तंबाखू. 1945 मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मंजूर केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, हे सगळं लिहिलेलं आहे. नांदेडच्या सचखंड तख्ताची स्वतःची हजुरी मर्यादा आहे आणि काही चालीरीती पंजाबहून निराळ्या आहेत, तरी गाभा तोच. या चारांतलं एखादं मोडलं तर माणूस पतित ठरतो, आणि परत यायचं तर पुन्हा पंच प्याऱ्यांसमोर उभं राहून, चूक कबूल करून, नव्याने अमृत घ्यावं लागतं. लहान चुकीला तनखा, म्हणजे प्रायश्चित्त, लागते: संगतीचे जोडे पुसणं, लंगरची भांडी घासणं. परतीची वाट अशी आखून ठेवल्यामुळे या शपथेला वजन आहे. ज्या संघात चुकलेल्याला एक तर हाकलतात नाही तर झाकून घेतात, तिथली शपथ फार काळ टिकत नाही.

ही शिस्त मोठ्यांनाही सुटत नाही. 1988 मध्ये पंजाबचे माजी मुख्यमंत्री सुरजितसिंग बर्नाला तनखा म्हणून अमृतसरच्या अकाल तख्तापुढे गळ्यात पाटी अडकवून खांबाला बांधलेले उभे होते. त्याच्याही आधी महाराजा रणजितसिंग पंथाची मर्यादा मोडल्याबद्दल अकाल तख्ताचे जथेदार अकाली फुलासिंग यांच्यापुढे अपराधी म्हणून हजर झाले, आणि परंपरा सांगते की फटके खायला त्यांनी पाठ उघडी केली. नांदेडच्या तख्ताची आज दिसणारी इमारत 1832 ते 1837 या काळात त्याच महाराजांनी बांधवून घेतली.